शेवटून पयला नंबर

न्हाय अक्का, शेवटून पयला म्हनजे शेवटचाच की. त्यात लपवायचं काय? लीगमध्ये आठ टीम, आमचा नंबर आठवा. तुमी टेंभुर्णीहून एवढ्या लांब आलाय, धाकट्या भावासाठी माझ्या सुनेला बगायला आलाय, तर चार गोष्टी खऱ्याच कळाव्यात तुमाला. भुवनेश्वरी येईल एवढ्यात. कारखाना सुटला की ती थेट घरी येत न्हाय, मैदानावर जाती, मग येती. लीग संपली तरी जाती. तवर शेंगापोळी घ्या की. तूप वाढू? बरं, ऱ्हाऊ द्या. तर तुमी विचारलं, सून फुटबॉल खेळती आसं ऐकलं, खरं का? खरं हाय. जागृती क्लब, अक्कलकोट रोड. टॉवेलच्या कारखान्यातल्या पोरींची टीम. आनि मी त्या टीमची — काय म्हनत्यात ते — सपोर्टर. दोघीच हाव आमी. मी एक, आनि गोलकीपर आयत हाय ना, तिची आई माजिदा. बाकी मग बकऱ्या येत्यात, पन त्या दोन्ही टीमच्या हायत्या.

सपोर्टर व्हायला गेले न्हवते मी, ते आदी सांगते. मी तिला वडून आनायला गेले होते. तुमाला ठाव हाय, माझा ल्योक सोमशेखर टेंपो चालवायचा, नळदुर्गच्या घाटात टेंपो पालथा झाला. त्यावर मी बोलत न्हाय. भुवनेश्वरीचं सांगते — ती रडली न्हाय. एक थेंब न्हाय. गल्लीतल्या बाया म्हनाल्या, ईरम्मा, सुनेला रडव, न्हायतर डोक्यावर परिनाम व्हईल. शेजारच्या राजाबाईनं तर सोमशेखरचा शर्ट आनून तिच्या म्होरं टाकला. आता हा बगितल्यावर रडंल, म्हनाली. भुवनेश्वरीनं काय केलं? घडी घातली. कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायचंच काम हाय की तिचं — कॉलर वर, बाह्या आत, दुकानात ठेवावी आशी घडी. आनि कपाटात ठेवून दिली. राजाबाईच रडत घरी गेली. मग हिचं बोलनंच गेलं. व्हय, न्हाय, जेवले, नको — वरीसभर आमचं घर या चार शब्दांवर चाललं. आमी घरात कन्नड बोलतो, मराठी बी बोलतो. तिला दोन्ही लागत न्हवत्या.

आनि एक दिवस तीच राजाबाई येऊन सांगायली, ईरम्मा, तुझी सून चड्डी घालून पोरींत पळायली. मी म्हटलं, माझी सून? ती तर पावसात बी पळत न्हाय. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकती संपली होती बगा. तशीच गेले, पदर खोचून, कारखान्यामागच्या मैदानावर. मनात सगळं जुळवलं होतं काय काय बोलायचं ते. तितं बार्शीच्या पोरींबरोबर मॅच चाललेली. त्यांचे बूट सगळे एका रंगाचे, आमच्यात दोघींचे जुळत न्हवते. मी कडंला हुबी ऱ्हाऊन बगायले, कुटं हाय ही? आनि आवाज आला — 'माझा! सोड, माझा हाय! आयत, मागं हो!' मी म्हटलं, कोन बाई एवढी वरडायली, घरात कोन वळन लावत न्हाय वाटतं हिला. बगते तर ती माझीच. अक्का, लग्नात नाव घे नाव घे म्हनून सगळ्या मागं लागल्या होत्या तवा हिचा आवाज पयल्या रांगंपर्यंत गेला न्हवता. आनि आता पार एमआयडीसीच्या कंपाऊंडवर आदळून परत यायला. शेजारी दगडावर माजिदा बसलेली. ती मला म्हनाली, 'बैठो अम्मा, अबी तो पाचीच गोल हुए.' मी विचारलं, आपल्या पोरींनी केले? नै, म्हनाली, खाये.

मी बसले. आनखी तीन खाल्ले. घरी आल्यावर तिला काय बोलले न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डब्यात दोन गूळपापडीच्या वड्या जास्त घातल्या, एवढंच.

मग प्रत्येक मॅचला गेले की. हारलो. परत हारलो. गुरु सर म्हनून हाय, कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो, संध्याकाळी पोरींना शिकवतो — तो दर वेळी म्हनायचा, अम्मा, आज आपन चांगले हारलो. आनि खरं सांगते, त्यात फरक आसतो. चांगलं हारनं येगळं आनि नुसतं हारनं येगळं. तुमाला हसू यायलंय, हसा. ऑफसाइड काय आसतं ते मला आजून ठाव न्हाय. आमचा गोल झाला की ऑफसाइड आसतं, एवढं कळलंय. मंगळवेढ्याच्या टीमबरोबर आमी पयला गोल केला आनि रेफ्रीनं हात वर केला — न्हाय म्हनाला. मी त्याला कन्नडात दोन शब्द बोलले. आईपर्यंत न्हाय गेले, डोळ्यांवरच थांबले. मला वाटलं हितं मैदानावर कुनाला कळतंय. तो वळला, माझ्याजवळ आला, हात जोडले आनि म्हनाला, 'अव्वा, होरग होगरी.' बाहेर जा, म्हनाला. कर्नाटकातल्या इंडीचा निघाला तो! सपोर्टरलाच भाईर काढलं. गेले की भाईर. पन भिंत उंच, काय दिसंना. रस्त्याला टॉवेलच्या गठड्यांचा टेंपो हुबा होता. सोमशेखर गेल्यापास्नं मी टेंपोत पाय ठेवला न्हवता, अक्का. रिक्षा, एसटी, चालत — पन टेंपो न्हाय. त्या दिवशी चढले. मॅच दिसत न्हवती ना. वर गठडीवर बसले, दिसायला लागलं. तितनं पन वरडले. तवा मात्र मराठीत.

आनि ती मॅच बरोबरीत सुटली. हारलो न्हाय! पोरी आशा नाचल्या, मला वाटलं कप मिळाला.

शेवटची मॅच उनाळ्यात झाली, परत त्याच बार्शीच्या पोरींबरोबर. सोलापूरचा उनाळा तुमाला काय सांगायचा, संध्याकाळी सुदिक मैदानावर अनवानी पाय ठेववत न्हाय. बरोबरी जरी झाली तरी आपन लीगमध्ये ऱ्हातो, गुरु सरांनी सांगितलेलं. आनि पोरी खेळल्या हो! शून्य-शून्य, शून्य-शून्य, माजिदा तसबीची माळ ओढायली, मी ओम नमः शिवाय म्हनायली, मधी श्वास कुनी घ्यायचा ते ठरंना. संपत आलीच होती. त्यांच्या पोरीनं कडंनं बॉल मारला, भुवनेश्वरी आडवी गेली, पाय घातला, थांबवायलाच घातला — आनि बॉल तिच्याच पायाला लागून आयतच्या बाजूनं आत गेला. आपल्याच जाळ्यात. सेल्फ गोल म्हनत्यात. कोन वरडलं न्हाय, त्यांच्या पोरी बी न्हाय वरडल्या.

ती तितंच खाली बसली. आनि मग आवाज आला. मला आदी वाटलं कुनाचा पाय मोडला. तसला आवाज. रडत होती, अक्का. जमिनीवर हात मारून मारून रडत होती. पोरी भोवती जमल्या — आसू दे की दीदी, एक गोलच हाय की दीदी — पोरीच त्या, त्यांना काय ठाव. तिच्या तोंडात नाव दुसरंच होतं. मी कसं सांगू कोनतं नाव, कळलं की तुमाला. माजिदानं माझा दंड धरला आनि म्हनाली, जाव अम्मा. मी उठले आनि सरळ मैदानात चालत गेले. मॅच चालू. रेफ्री कोन? तोच इंडीचा. त्यानं मला बगितलं, शिट्टी तोंडाजवळ नेली, परत खाली घेतली. मी त्याच्या जवळनं गेले, तो बाजूला झाला. मी तिचं तोंड माझ्या पदरात घेतलं आनि आमी दोघी मैदानाच्या मधोमध बसलो, आनि सगळ्या पोरी — त्यांच्या बी, आमच्या बी — पानी पीत हुब्या ऱ्हायल्या. मग परत शिट्टी झाली, पोरी थोडं खेळल्या, संपलं. खालच्या गटात गेलो आमी. आता पुढच्या वर्षी खाली खेळायचं.

परत येताना चौकात थांबली आनि म्हनाली, अत्ती — आमच्यात सासूला अत्ती म्हनत्यात — भूक लागली. दोन प्लेटी भजी खाल्ली. आनि तितनं जी बोलायला लागली ती घर येईस्तोवर थांबली न्हाय, बार्शीची ती सहा नंबरची कशी ढकलती, आयतनं कुटं हुबं ऱ्हायला पायजे होतं, सोमशेखरला भजी कशी कुरकुरीत लागायची. आता तर गप बस म्हनायची पाळी येती मला.

त्याच दिवशी मी ठरवलं, हिचं लग्न करायचं. मीच मठात सांगून ठेवलं, मीच. लोक म्हनले सासू आसून सुनेचं लग्न लावायली. म्हनू द्या. चालतं-बोलतं मानूस हाय ते, त्याला सौंसार पायजे. तुमचा सिद्धलिंग चांगला हाय आसं सगळे सांगत्यात. हायवेला टायरचं दुकान, निर्व्यसनी, पयली बायको आजारपनात गेली, समदं कळलंय मला. एकच विचारते. टेंभुर्णीत मैदान हाय का? धाबे हायत ते सांगितलं तुमी. मैदान? शाळंचं हाय... पोरींची टीम? — हं. लग्नानंतर कशाला खेळंल, म्हनता. बरं.

बरं. न्हाय, राग कशाचा? तुमच्या आदी अक्कलकोटचे आलेले, त्यांना बी हेच विचारलं, मैदान न्हाय म्हनाले, मी बी न्हाय म्हनाले. दुधनीचे आलेले. दुधनी माझं म्हायेरच की. तितं मैदान हाय. चांगलं मोठं हाय. पोरींची टीम बी हाय, पोरगा स्वतः म्हनाला, खेळू दे की. — मग? मग मी म्हनाले, दुधनीचं पानी खारं हाय, सुनेला सोसायचं न्हाय. त्याच पान्यावर मी वाढले, अक्का. काय झालं मला? माजिदा शेजारीच होती तवा. ते गेल्यावर म्हनाली, अम्मा, मैदान-फैदान कुछ नै, तुमकू छोकरी देनीच नै. मी तिच्याशी चार दिवस बोलले न्हाय. पन तुमीच सांगा — ती गेल्यावर मी कुनासंगं जाऊ मॅचला? मैदानावर बसायचं आनि कुनासाठी वरडायचं? आनि घरी येऊन... आत्ता कुटं बोलायला लागलीय ती. आत्ता कुटं घरात आवाज यायलाय, आनि मीच तो उचलून कुनाच्या तरी...

हे मी तुमाला का सांगायले?

थांबा. सायकल वाजली. आली बगा. अक्का, ऐका माझं, आता जे बोलले ते ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. तिला तुमीच विचारा, तुमाला काय विचारायचं ते, तिला काय विचारायचं ते तिला विचारू द्या. माझ्या म्होरं न्हाय. माझ्या म्होरं ती माझं तोंड बगंल आनि नको म्हनंल, मला ठाव हाय. आनि मला ते बरं वाटंल, ते बी ठाव हाय. — ये ग भुवी. ह्या शिवलीलाअक्का, टेंभुर्णीच्या. पाय धू आनि बस त्यांच्याजवळ. मी? साखर संपलीय, आनायला चालले. हाय की ग डब्यात, पन पुरायची न्हाय. बसा अक्का, उठू नका. मी दार लोटून घेते भाईरनं.