महाराज, वीणा धरा!

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न आहे. माणसाला हाक ऐकू येते — अगदी स्पष्ट येते — तरी तो जागचा हलत नाही. का? बहिरा असतो म्हणून? अहो, बहिऱ्याला कोण दोष देईल!

मृदंगवाले बुवा, थांबा जरा. आज ताल नको.

गोष्ट याच गावची, याच मंडपातली. नव्या सुनांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. जुन्यांनी खाली बघितलं तरी चालेल — मीही खालीच बघून सांगणार आहे.

अकरा वर्षं झाली. सप्ताहाचा पाचवा दिवस, भर दुपार. आता सप्ताहात वीणेचा नियम काय? सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही! एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. त्या वेळी ती होती गेनबा कुंभारांच्या गळ्यात. दुपारचा पहारा वीस वर्षं त्यांचाच — कारण जेवण सोडून उभं कोण राहणार? तुम्ही? हसू नका, मीही नाही! सगळं गाव पलीकडं शाळेच्या पटांगणात पंगतीला बसलेलं. मंडपात आम्ही दोघंच. गेनबाअण्णा माईकसमोर नाम घेत उभे, आणि गादीवर आडवा झालेला हा तुमचा महाराज. पाच पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी!

तेवढ्यात मंडपामागं चुलवणावरून किंकाळी! स्वयंपाकाच्या हौसाबाई एकट्याच होत्या तिथं, आणि उकळत्या आमटीचं पातेलं त्यांच्या पायांवर कलंडलं होतं. अण्णा ओरडले, "महाराज, उठा! वीणा धरा! हौसा भाजली!"

मी ऐकलं. मंडळी, मी जागा होतो! डोळे गच्च मिटून घेतले. परत हाक आली — "महाराज, पाया पडतो, वीणा धरा!" मी काय केलं? कूस बदलली. घोरलोसुद्धा! सांगायला लाज वाटते, पण घोरलो. कारण विचाराल तर मोठं काही नाही हो. उठलो असतो तर पुढचा माणूस येईस्तोवर उभं राहावं लागलं असतं. पोट जड झालं होतं. येईल दुसरं कुणीतरी, असं वाटलं. बस्स, एवढंच!

अण्णांनी वीणा भुईवर ठेवली आणि धावले. रांजणातलं पाणी पायांवर ओतलं, बाईंना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. पाय वाचले. त्या बघा, पुढंच बसल्यात हौसाबाई.

अण्णा परत आले तर मंडपात गाव गोळा झालेलं. "वीणा टेकली! सप्ताह मोडला!" कमिटीचे आबा ढमाले मला म्हणाले, "महाराज, आता तुम्हीच काय ते सांगा." आणि मी — डोळे चोळत, बरं का! — सांगितलं, "यापुढं गेनबांनी वीणेला हात लावू नये." टाळ्या पडल्या!

अण्णा पुढं आले, माझ्या पाया पडले, हळूच म्हणाले, "महाराज, माझ्या ओरडण्यानं झोपमोड झाली असंल. माफी असावी."

टोमणा होता का? नाही हो! महाराज जागा असता तर उठलाच असता, असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं. तेच मला सोसत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. माईक चालू होता! चार भोंगे लागले होते! ती हाक पंगतीत ऐकू गेली नव्हती? आबा, तुम्हाला? आणि भोंग्याखाली झोप कुणाला लागते हो? तुम्हाला सगळं कळत होतं. पण महाराजाला खोटं कोण पाडणार — आणि कुंभाराला कोण विचारतो!

अण्णा गेल्या महिन्यात गेले. अकरा वर्षं सप्ताहाला यायचे, चपलांपाशी बसायचे. मी दरवर्षी ठरवायचो, यंदा सांगून टाकायचं. दरवर्षी जीभ अडायची. खरं बोलायला मी त्यांच्या मरणाची वाट बघितली, मंडळी!

तुमच्याही घरात असेल कुणीतरी, ज्याची हाक ऐकून तुम्ही कूस बदललीत. भाऊ असेल, सून असेल, म्हातारा बाप असेल. जिवंत आहे ना तो? मग इथं बसलात कशाला? उठा! आरती राहू द्या, प्रसाद राहू द्या. त्याच्यापुढं जाऊन एवढंच म्हणा — मी जागा होतो.

मला आता हे म्हणायला कुणी उरलं नाही. नामाचा गजर तुम्हीच करा. माझ्या तोंडी तो आज शोभत नाही.