पिवळं वाया जाऊ नये म्हणून

माझं नाव सुमन, माहेर दिघाशी, सासर हितं मानकोलीला, म्हंजे सगळी जिंदगी भिवंडीच्या आजूबाजूलाच गेली, लांबचा परदेश काय तो ठाणा. माहेरी भात पिकायचा नि दारात कोंबड्या व्हत्या. अंडं आमच्याकडं रोज खायची वस्तू न्हवती बघा, ते पाव्हन्याचं नायतर बाळंतिणीचं. आई बोलायची, मुक्या जिवानं पोटातलं काढून दिलेलं हाय, ते टाकायचं न्हाय. भाताचं शीत सांडलं तरी वेचून खायला लावायची, ताट असं साफ करायचं का कुत्र्यानं पण हुंगून निघून जावं. ती सवय अंगात मुरली माझ्या. चांगलीच सवय ना ती, तुमीच सांगा, अन्न टाकू नये हे सगळीच शिकवतात. त्याच चांगल्या सवयीनं माझं घर बुडवायला घेतलेलं, तेच सांगते तुमाला.

लग्न करून आली तेव्हा हितं पण शेत व्हतं, खाडी जवळ, हे भरती-ओहोटी बघून जाळं टाकायचे. हे म्हंजे आमचे मालक, निलेशचे बाबा. मंग गोदामं आली, शेत गोदामाखाली गेलं, नि हे त्याच गोदामाच्या गेटवर ड्युटीला लागले. मी भाकऱ्या करते. तांदळाच्या भाकऱ्या, हायवेवरच्या ढाब्याला रोज द्यायच्या, नि गावात हळद असली का ऑर्डर वेगळी. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी, काय सांगू तुमाला, अख्खा गाव जेवतो, आमी बायका उजाडल्यापासून उकड काढून बसतो, काथवटीत मळून मळून हाताची सालं निघतात. माझी भाकरी कशी, पाण्यावर थापलेली, टम्म फुगणार म्हंजे फुगणार. ड्रायवर लोक नाव घेऊन मागतात, सुमन मावशीची भाकरी हाय का.

निलेश एकुलता एक. कालेजात गेला नि जिमला लागला. तेव्हा सगळीच पोरं लागलेली, जमिनी गेल्या, हाताला काम न्हाय, मंग दंड फुगवायचे. मला वाटलं चार दिवसांचं येड हाय. पण ह्याचं तसं न्हवतं, हा पहाटे सायकल मारत भिवंडीत जायचा, तिथं कापडाच्या लूमच्या वर माळ्यावर जिम, खाली लूमची खटखट नि वर ही पोरं वजनं उचलतायत. शिकवणारा उस्ताद पहिले लूमवरच कामाला व्हता, उत्तर प्रदेशातला, माणूस भला. निलेश बोलला, आई, उस्ताद बोलला बॉडीत दम हाय, स्टेजवर उतरवतो, पण खाणं बदलायला लागंल. बोलली, बदल की, आईच्या हातचं खातोस, काय कमी हाय. तर बोलतो भात बंद, भाकरी बंद, तेल बंद, खोबरं बंद. मी बोलली, अरे आगरी माणसाच्या घरात मंग ऱ्हायलं काय, चुलीचा धूर? भाकरीवर घर चालतं नि घरातल्याच पोराला भाकरी न्हाय. राग आलेला मला, खोटं कशाला बोलू.

पण आईच ती, किती दिवस रागात ऱ्हाणार. निलेशनं सांगितल्यावानी चिकन नुसतं पाण्यात उकडलं, ना हळद, ना मसाला, ना फोडणी. ताटात वाढलं नि हे ड्युटीवरून आले, ताट बघून दारातच थांबले. बोलले, कोन गेलं? आमच्यात सुतक असलं का घरात फोडणी देत न्हाईत, तसंच दिसत व्हतं ते, पांढरं फटक. मी ते ताट उचलून नेलं. जिवंत माणसांच्या घरात असलं शिजवायचं न्हाय, बोलली, तुझ्या उस्तादला आण हितं, मी बोलते त्याच्याशी.

नि आला की तो. ओट्यावर बसला, च्या घेतला, मी समदं समोर मांडलं, वाल, सुकट, बोंबील, खाडीची कोलंबी. बोलली, ह्यातलं काय चालंल ते सांग, मला डब्यातली पावडर माहीत न्हाय. तो हसायलाच लागला. अम्मा, ये सब प्रोटीन ही तो है, बोलला, तेल कम करो बस, और नारियल मत डालो. मंग आमचं जमलं. वालाचं बिरडं खोबऱ्याबिगर, मासा तव्यावर लसूण-मिरची चोळून नुसता भाजायचा, कोलंबी कोकमात आटवायची, तेलाचा हात पुसल्यावानी. भाकरी पण मिळवली मी त्याच्याकडून, नाचणीची, दुपारची एक, तिथं मी हटलीच न्हाय. पोरगा जेवायला लागला नि अंग भरायला लागलं, मी त्याच्याकडं चोरून बघायची, दृष्ट लागंल म्हणून.

आता अंड्याचं सांगते. जाताना उस्ताद बोलला, अम्मा, अंडे की जर्दी निकाल दो, सफेदी खिलाओ. म्हंजे पिवळा बलक काढायचा नि सफेद पोराला द्यायचं. नि दोन-चार अंडी न्हाईत, पार ढीग, हे ट्रे आणून ठेवायचे. पहिल्या दिवशी मी फोडली, पिवळं एका टोपात जमा झालं, एवढं पिवळं जमलेलं मी जन्मात बघितलं न्हवतं, सोन्यावानी. निलेश बोलला, आई, फेकून दे ते. फेकून दे! आई आठवली मला, दिघाशीची. मी काय बोलली ते तुमाला जसंच्या तसं सांगते, कारण तेच माझ्या डोक्यात घुमतं. बोलली, हे पिवळं ज्या दिवशी वाया जाईल त्या दिवशी तुझं सफेद पण बंद, माझ्या घरात अर्धं अंडं खायचं न्हाय. हे तिथंच बसलेले. हात पुढं केला, बोलले, आण ते, मी खातो.

झालं. मंग रोजचंच. कांदा घालायचा, तेल सढळ, पोराचं वाचलेलं तेल पण त्यातच जायचं, नि पिवळ्याची बुर्जी करून ह्यांना भाकरीबरोबर. कधी कालवणात सोडायची, कधी खोबऱ्याच्या वाटणात. शेजारणी बोलायच्या, सुमनचा नवरा बघा, अंड्यावर हाय. मी पण मिरवायची. हे जेवायचे, ताट साफ करायचे, उठायचे. मला वाटायचं, आवडतं ह्यांना. किती बरं वाटायचं सांगू, पोराला त्याचं, नवऱ्याला त्याचं, नि वाया काय जात न्हाय. असंच वरीस गेलं, त्याच्याहून जास्तच.

निलेश नवरात्रात मंडळाच्या स्टेजवर उतरला, अंगाला तेल लावून, चड्डीवर, मला लाज वाटली नि रडू पण आलं. तिसरा आला. एवढ्या पोरांत तिसरा. हे माझ्याहून खूश, गेटवर येणाऱ्या ट्रकवाल्यांना पेढे वाटले. मंग आमी वज्रेश्वरीला देवीच्या पाया पडायला गेलो, नि तिथून अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडांवर. हे उतरले पाण्यात. वर आले ते घामाघूम, छाती चोळत. आमी काय समजलो, कुंडाचा ताव चढला. तिथं चढतो तो लोकांना, जास्त वेळ बसलं का घेरी येते, सगळ्यांना माहीत हाय. सावलीत बसवलं, कोकमाचं पाणी दिलं, मी पदरानं वारा घालत बसली. बोलली, बसा, उतरंल. निलेशनंच ओळखलं. बोलला, आई, बाबांचा हात गार पडलाय. गाडी करून ठाण्याला नेलं. ऑपरेशन झालं छातीचं, वाचले. देवीनं वाचवले.

तिथं डॉक्टरीण, वयानं पोरगीच, मला विचारते, मावशी, ह्यांचं जेवण काय. मी काय, मी सांगितलं सगळं, बलकाचं पण, अभिमानानंच सांगायला गेली नि सांगता सांगता माझं मलाच उमगलं. ती बोलली, मावशी, एकट्या अंड्यानं असं होत न्हाय, ह्यांची विडी हाय, साखर हाय, ह्यांच्या वडलांना पण झालेलं, सगळं मिळून होतं. पण मंग बोलली, आता पिवळं बंद हां, तेल कमी, खोबरं न्हाय, सुकी मासळी न्हाय. निलेश दारात उभा व्हता. मी त्याचं तोंड बघितलं. बाकीचं त्याला ऐकायलाच आलं न्हाय, नि मला पण न्हाय. आमी दोघांनी तेवढंच घरी आणलं, पिवळं.

त्या दिवसापासून त्यानं जिम सोडली. अंड्याला शिवायचा न्हाय. गोदामात हमालांवर देखरेख करायला लागला, भात खायचा, भाकरी खायचा, जे वाढंल ते, मान खाली घालून. मला वाटायचं, पोरगा परत माझ्या भाकरीवर आला, हेच मागत व्हती ना मी, घे आता. दंड उतरले त्याचे. उस्ताद येऊन गेला, तर हा मागच्या दारानं निघून गेला. मी त्याला बोलायला जायची का बाळा, चूक माझी, मी रांधलं. तो बोलायचा, न्हाय आई, मी टाकलं म्हणून तू रांधलं. दोघं बी आपापला गुन्हा धरून बसलेलो, कोन कोनाला सोडवणार. एकाची छाती खाल्ली मी नि एकाचं अंग, असंच वाटायचं. थापताना भाकरी फाटायला लागली माझी, ढाब्यावरून बोलणं आलं.

नि हे, जेवायला बसले का ताटात काय, तर अंड्याचं सफेद, तव्यावरचा मासा, खोबऱ्याबिगर वाल, नाचणीची भाकरी. एक दिवस हे त्या ताटाकडं बघून हसले. हळू हसले, टाका दुखतो ना. निलेश समोर भात कालवत बसलेला. हे बोलले, बघ, तुझं ताट माझ्याकडं आलं नि माझं तुझ्याकडं गेलं. निलेश उठायला लागला, तर हे बोलले, बस. मंग जे बोलले ते मी चुलीपुढं उभी राहून ऐकलं. बोलले, मला पिवळं कधी आवडलंच न्हाय. लहानपणापासून न्हाय, वास येतो मला. पण तुझी आई बोलली पिवळं वाया गेलं तर तुझं सफेद बंद, नि ही बोलली म्हंजे करंल, मी वळखतो हिला. म्हणून गिळलं. एवढं गिळलं ते तू स्टेजवर उभा ऱ्हावास म्हणून, नि आता तू जिम सोडून बसलास, म्हंजे ते सगळं वायाच गेलं. विचार आईला, तिला वाया गेलेलं चालतं का.

चुलीवर कालवण करपलं, तरी मी हलली न्हाय. निलेशनं भाताचं ताट बाजूला सारलं नि बापाच्या ताटातलं सफेद उचलून तोंडात टाकलं. रडत व्हता, नि चावत व्हता.

आता जातो परत. पहाटे सायकल निघते. स्टेजवर उतरंल का न्हाय देवीला ठाऊक, अंग मागं पडलंय, पण जातो. बाप-बेटा एकाच टोपातलं जेवतात, मला रांधायला सोपं झालं. पिवळं मी गोदामाच्या कुत्र्यांना घालते, ती चमकायला लागलीत नुसती. घालताना दर वेळी दिघाशीच्या आईची माफी मागते.

पण एक बोच हाय, ती जात न्हाय. नंतर मी ह्यांना विचारलं, अहो, आवडत न्हवतं तर बोलायचं की, वरीसभर कशाला गिळलं? तर हे बोलले, तू विचारलंस कुठं? खरंच न्हाय विचारलं. हायवेवर कोनाला भाकरी पातळ लागते, कोनाला जाड, ते मला पाठ हाय, नि घरात बाजूला बसलेल्या माणसाला एकदा विचारलं न्हाय का हे तुमाला आवडतं का. डॉक्टरीण काय बी बोलू दे, ते माझ्यावरच हाय, ते मी मरेपर्यंत वाहणार. असू दे. माणूस समोर हाय, जेवतोय, तेवढं पुष्कळ.

तुमचं पण भलं होवो, घरातली सगळी धडधाकट ऱ्हावोत. नि आता उठू नका, भाकरी टाकते, जेवून जा. बोंबील चालतो का तुमाला? न्हाय, आधी सांगा, आवडतो का.