पुढची सीट रिकामी

—नाही ताई, मागे तुम्हीच. हो, गाइड मीच, पण आमच्याकडे गाइड पुढे बसतो. बाकीच्या ठिकाणी मागे बसत असेल, बाकीच्या ठिकाणी काय काय चालतं त्यावर मी बोलत नाही. बसा. पाय लांब करा, पायाशी दोन पट्ट्या लागतील — लागल्या? ते सुकाणू. उजवी दाबली की कयाक उजवीकडे, डावी दाबली की डावीकडे, झालं शिक्षण. पाठीचा पट्टा घट्ट होतोय? तो एकाच मापाचा लावलेला आहे, सैल करू नका. बरं, करा थोडा, पण परत तसाच लावायचा. आणि जॅकेटला शिट्टी आहे ती शोभेची नाही — पाण्यात पडलात, मागे राहिलात, तर वाजवायची. लोक वाजवत नाहीत हो. शिट्टी गळ्यात असून वाजवत नाहीत, आणि मग ठपका गाइडवर येतो.

चला, सुटलो. आज तुम्ही एकट्याच, बाकीच्यांनी आभाळ बघून बुकिंग रद्द केलं, आणि आता बघा, आभाळ कसं लख्ख. डावीकडे ती खारफुटी, तिच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, मी तिला माशांची बालवाडी म्हणतो — इथे लोक हसतात. तुम्ही हसलात का? मला दिसत नाही, मागे वळून बघायचं नाही हा माझा पहिला नियम. माणूस वळला की वजन एका अंगाला जातं, कयाक कलंडते. एवढी वर्षं हा धंदा करतोय, एकदाही मागे वळून बघितलं नाही, विचारा बायकोला. ती तुमच्याच जागेवर बसायची, पट्टा तिच्या मापाचा आहे. कामं वाटून घेतलेली — मी बोलायचं, तिने वळवायचं. मी म्हणायचो, मंडळी, आता आपण डावीकडे वळूया, आणि कयाक अलगद डावीकडे वळायची. लोकांना वाटायचं मीच वळवतोय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

ते समुद्रात घुसलेलं खडकाचं काळं टोक दिसतंय ना, त्याच्या अलीकडे वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे उतरायचं, चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. पलीकडे नाही जात आपण. काही नाही पलीकडे — किनारा आहे, साधाच, आणि बायकोच्या थोरल्या बहिणीचं गेस्टहाउस आहे. बायको असते तिथे सध्या. सध्या म्हणजे गेल्या हंगामापासून. भांडण? छे, आमचं कधी भांडण झालंच नाही, भांडायला दोन माणसांनी बोलावं लागतं.

झालं इतकंच, की त्या वाळूवरून आम्ही चहा घेऊन निघालो. मागे चार कयाक, पाहुणे खूश. मी कयाक ढकलली, बसलो आणि कासवांची गोष्ट सुरू केली, ती लांब आहे, तुम्हालाही सांगणार आहे. कयाक सारखी डावीकडे ओढत होती. मला वाटलं, बायको कशावरून तरी फुगली असेल, मुद्दाम वळवत नाहीये, म्हणून मी मोठ्या मनाने म्हणालो, असू दे, आज मीच सांभाळतो. मग खारफुटीपाशी तहान लागली, हात मागे केला. हात मागे गेला की हातात बाटली, ही आमची पद्धत. बाटली आली नाही. हात तसाच ठेवला थोडा वेळ. मग बोटं हलवली. मग वळून बघितलं — हो, तेव्हा बघितलं, तेवढं एकदाच, आणि कयाक कलंडली नाही, पण तो नशिबाचा भाग.

अहो, ती वाळूवरच होती. चहाचे कप विसळायला पाण्याच्या कडेला गेली आणि इकडे मी निघालो. मागच्या कयाकमधल्या एका काकांनी बघितलं होतं म्हणे, त्यांना वाटलं, टूरचाच भाग असेल. आणि शिट्टी होती तिच्या जॅकेटला. वाजवली नाही. नंतर म्हणते कशी, बघत होते, कुठपर्यंत जातोस ते.

मग काय, मग टूर पूर्ण केली. ओहोटी लागलेली, आठ पाहुणे, त्यांना काय पाण्यात सोडून देऊ? कुणीही हेच केलं असतं. नसतं? बरं, तुमचं मत तुमच्यापाशी. सगळ्यांना पोचवून परत आलो तेव्हा कप वाळूवर ओळीने उपडे घातलेले होते आणि ती नव्हती. एका कोळ्याच्या होडीत बसून बहिणीकडे गेली. — उजवी पट्टी दाबा, खडक आहे. हां. हात चांगला आहे तुमचा, म्हणजे पाय.

फोन केला की, केला नाही असं नाही. म्हणाली, न्यायला ये, नक्की येते, पण समुद्रातून ये, एकटा ये, मागे बसून ये आणि पुढची सीट रिकामी आण. आता ही काय अट झाली? दोघांची कयाक, एकटा माणूस मागे — कयाकचं नाक वर उचलतं, आणि त्या टोकावरचा वारा नाकाला धरून गरागरा फिरवतो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणजे मुद्दामच ना. रस्ता आहे, बसही जाते, बसने जाऊन आलो मी. मेव्हणीने दार उघडलं, माझ्या मागे बघितलं, म्हणाली, कयाक कुठे आहे? आणि लावलं दार. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. चांगलं हसते ती, मला माहीत नव्हतं.

सुकाणू मला येत नाही असं नाही. गरज पडली नाही, इतकंच. तुमच्यासारखी माणसं मागे बसतात, मी बोलतो, धंदा चाललाय. घरी दोन खोल्या आहेत, दोन्हींत मीच बोलतो. जेवताना हात मागे जातो, मागे भिंत आहे. करमत नाही, ताई. आता विचारलंच आहे तुम्ही — नाही विचारलंत? — तर सांगतो, अजिबात करमत नाही.

आली वाळू. उतरा, जपून, शेवाळ आहे. हा थर्मास, हे कप. काय म्हणालात? पुढे वजन ठेवायचं, म्हणजे नाक उचलणार नाही? कसलं वजन? दगड. हं. दगड इथे आहेत म्हणा, दगडांना काय तोटा. मला सुचलं नव्हतं असं नाही. — नव्हतं सुचलं.

तो चपटा द्या. अजून एक, तो मागचा, काळा. तिच्याइतकं वजन व्हायला हवं, किती असेल तिचं? अंदाज नाही हो, कधी नीट बघितलं असतं तर ना. तुम्ही सांगा, तुमच्याएवढी असेल की बारीक — तुम्ही तरी तिला कुठे बघितलंय. बास, पुरे. सरका, मागे आता मला बसू द्या. अरे, हा पट्टा फारच घट्ट आहे. नको, सैल नका करू, राहू दे असाच. उजवी दाबली की उजवीकडे ना? बरोबर.

तुम्ही इथेच बसा. पलीकडे पोचलो की दगड तिथे काढतो, ती पुढे बसेल आणि आलोच आम्ही. चहा आहे, बिस्किटं आहेत, शिट्टी आहे, वाजवा बिनधास्त. आता परत येताना सीट दोन आणि माणसं तीन, हा विचार मी केलेला नाही. बघू. ती सांगेल काय करायचं ते. ढकला जरा. अजून. हां, सुटली — आणि ताई, कप विसळायला जाऊ नका.