भेगेतला भुसा

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी शिंपीणबाई कुरकुरता गुडघा दाखवायला इस्पितळात बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर आत दाखल असलेल्या एका सुताराची बायको आणि तिचा दीर बोलत होते.

"लाकूड तासताना पटाशीचं पातं हातात घुसलं तेव्हा दादाने जखमेत सरस आणि भुसा भरला, वहिनी. लाकडाची भेग बुजवतात तसा."

"तुम्ही बघत होतात ना? मग हात का नाही धरलात?"

"आम्ही सगळेच तसं करतो. मीही केलंय."

"डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांगा, भावजी. जीव टांगणीला लागलाय माझा."

"जंतू आत कोंडले गेले. ते विष सोडतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच त्या विषाने फुटताहेत. रक्तवाहिन्याही झिरपायला लागल्यात."

शिंपीणबाईंची सुईने टोचलेली बोटं आपोआप मुठीत गेली.

"म्हणून अंग सुजलंय?"

"हो. सलाईन लावलंय, पण ते शिरांबाहेर पाझरतं. रक्तदाब वर येत नाही."

"मघाशी हे मला म्हणाले, दाराची चौकट अर्धी राहिलीय, भावजींना हात लावू देऊ नकोस."

"म्हणणारच. माझा रंधा त्याला कधी पटलाय?"

"मग नकाच लावू. हे येऊन पुरी करतील."

"नाही लावत, वहिनी."

सुतार त्याच दिवशी दिवेलागणीला वारला.