टिंबाची कैरी

हॅलो?

हो, प्रतीक्षाच बोलून राहिली. बोल ना दामिनी ताई…

अवं हो, पन हळू बोल. कान फाटून राहिला माहा…

कमेंट? हो, मीच केली. … नाई, चुकून नाई केली. लिहिली, वाचली, अन् मंग पाठवली.

मलेच काय वाचून दाखवते व, मीच लिहिलं ना ते. 'हा खोका माझा आहे. टिंब पाहा.' बस. एवढंच तं लिहिलं. शिवी थोडीच दिली तुले.

…आई, दामिनी ताईचा फोन हाये. अकोल्याहून… हो, तुही भाचीच, दुसरी कोनती दामिनी… मामी बरी हाये, मामा बरे हायेत, मीच तेवढी वाईट हाये असं म्हनून राहिली ते… तू भाजी पाह्य, मंग सांगते तुले…

हं, बोल.

बदनामी कसली? तूच तं इन्स्टावर टाकलं, 'माझी निवडक कामं' म्हनून. अन् त्याच्यात पयलंच चित्र आमच्या संत्र्याच्या खोक्याचं. बाबांनं मले म्हटलं, प्रतीक्षा, औंदा कोरे खोके नाई पाठवाचे, त्याच्यावर काहीतरी कर. मी केलं. मोबाईलवर, बोटानं. तू कुठी होती तवा?

…पाठवलं होतं ना, व्हॉट्सअ‍ॅपवर. 'ताई, कसं झालं' म्हनून पाठवलं होतं. 'ताई, घे' म्हनून नव्हतं पाठवलं.

सुधारलं? … तू सुधारलं? काय सुधारलं तेवढं सांग. … रंग. बरं. अजून? … अक्षर जाड केलं. तेही बरं. अजून? …

बोल ना. टिंब.

हां, टिंब. आता थांब. 'आंबिया' लिहिलं ना मी मोठ्या अक्षरात, त्याच्यातल्या 'आं'वर जे टिंब होतं, ते संत्रं होतं. छोटंसं. देठापाशी फुगलेलं, आपल्या संत्र्याले असते तसं. तू त्याची कैरी केली. हिरवीगार. वरून एक पान काढलं. अन् खाली काय लिहिलं? 'आंबा आणि संत्रा यांच्या अनोख्या मिलनातून साकारलेली संकल्पना.'

…नाई, हसून नाई राहिली. पयले वाचलं तवा हसली. मंग राग आला. आता फक्त रागच हाये.

अवं ताई, आंबिया म्हंजे आंबा नाई. … नाई. … नाई ना, आंब्याच्या चवीचं बी नाई. आंब्याले जवा मोहोर येते, तवा संत्र्याले जो बहार येते, त्याले आंबिया म्हनतात. अन् पावसाच्या तोंडावर येते तो मृग बहार. मंग मृगाच्या खोक्यावर तू काय हरीण काढशीन?

…शयरातली हाये म्हनून काय झालं? इचाराचं होतं. बाबांनं सांगितलं असतं. आमच्याकडं संत्रे तोडाले येतात त्या बायांनं सांगितलं असतं. एक फोन कराचा होता. आता जसा केला तसा.

काय? … कुठी बसली तू? … कोनाच्या हापिसात? …

नोकरीची मुलाखत अन् तू बाहेर येऊन माह्याशी भांडून राहिली? जा ना आतमधी…

…सरांनं पाह्यली? माही कमेंट? …

नाई नाई, 'बरं झालं' म्हटलं ते तुह्यासाठी नाई म्हटलं. … बरं, माह्यासाठीच म्हटलं. मंग?

हळू सांग. म्हंजे तू तुह्यं काम दाखवून राहिली होती, त्या अनुप सरांनं खाली वाचलं, अन् ते म्हने या पोरीले फोन लाव, माह्यासमोर स्पीकरवर बोलव. अन् तू पानी प्याच्या नावानं बाहेर आली. … मंग मी काय म्हनू? …

'मी लहान बहीण आहे, मस्करी केली. खोका दामिनी ताईनंच केला.' … एवढंच म्हनाचं.

नाई जमत.

…नाई म्हंजे नाई. … हात जोड नाईतं पाय जोड…

दहावीतल्या पोरीले नाव घेऊन काय कराचं? हे काय बोलनं झालं? दहावीत रोज हजेरी घेतात ना आमची. नावानंच घेतात.

…आईले सांगशीन? काय सांगशीन? … सांग ना. थांब, मीच सांगते. आई… आई व… ताई म्हन्ते, प्रतीक्षा अभ्यास सोडून इन्स्टावर चित्रं टाकते…

ऐकलं का आई काय म्हन्ते? म्हन्ते, मले माहीत हाये, फोन माहाच हाये.

हो, मोठी बहीण हायेस. म्हनूनच. एखाद्या फ्लेक्सवाल्यानं उचललं असतं तं मी शिव्या देऊन मोकळी झाली असती. तुले मी दिवाळीत इचारलं होतं, ताई, माह्यं चित्र चांगलं हाये का गं खरंच? तू काय म्हटलं? 'ठीक हाये, पोरखेळ हाये.' आठवते?

…मामीनं शेजारी सांगून बी टाकलं? नोकरी लागाच्या आधीच? त्याले मी काय करू व…

कोन आलं? … ताई? … तो आवाज कोनाचा हाये? …

नमस्कार सर.

हो सर, मीच प्रतीक्षा. … मोर्शीच्या अलीकडे गाव आहे आमचं, तिथून बोलते. … दहावीत. … नाही सर, शाळा बुडवली नाही. आमची दुपारची असते.

नाही सर. मस्करी नव्हती.

…हो, ती माझी मामेबहीण आहे. … हो सर, बाजूला उभी आहे हे कळलं मला. तिचा श्वास ऐकू येतो.

पुरावा आहे ना. आईच्या मोबाईलमध्ये अख्खं चित्र सुटं सुटं आहे. संत्र्याचं फूल वेगळ्या लेयरवर, अक्षरं वेगळी, टिंब वेगळं. मी पाठवते. तुम्ही ताईलाही तिचं मागा. तिच्याकडे एकच सपाट चित्र निघेल. मी व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढंच पाठवलं होतं.

…बोटानं सर. पेन नाही माझ्याजवळ. भेंडी तोडली होती त्या दिवशी, उजव्या हाताला खाज सुटली होती, म्हणून फुलाच्या पाकळ्या डाव्या हातानं काढल्या. त्या जरा वाकड्या आल्या, पण मग तशाच ठेवल्या. खरं फूल कुठं सरळ असते.

हो सर, आंबिया म्हणजे… बरोबर. तुम्हाला माहीत आहे? … सासुरवाडी वरूडची? तेही संत्र्याचंच गाव. मग तर तुम्ही खोका पाहूनच… हो. … हो, कैरी पाहिली मी.

दुसरं? दुसरं पण केलं आहे. सांगू? … लवकर सांगते.

पार्वताबाई म्हणून आहेत, त्या बसस्टँडपाशी भाजी विकतात. त्यांच्या गाडीला पाटी केली. 'वांगे भरताचे' लिहिलं आणि 'भ'च्या पोटात विस्तव काढला. लोक थांबतात म्हणे वाचायला. … विकत घेतात की नाही ते नाही विचारलं मी.

मग पुंजाजीकाकांच्या वाढदिवसाचं फ्लेक्स. त्यांना मागे वाघ पाहिजे होता. मी म्हटलं, काका, तुम्ही शेळ्या पाळता, वाघ कसा लावता मागे. मी शेळी काढली. दाढीवाली, ऐटीत उभी. … नाही सर, चौकात नाही लावलं त्यांनी. गोठ्यात लावलं.

आणि शारदा मंडळाचा फलक. त्यात मी कार्यकर्त्यांचे फोटो घेतलेच नाहीत, फक्त वीणा घेतली. सगळे चिडले. पुढच्या वर्षी मला काम देणार नाहीत. … हो सर, तरी पुन्हा तसाच करीन.

…शिकलेली नाही, बरोबर आहे. कोर्स नाही केला. ताईनं केला आहे.

पोरखेळ? … असेल सर. ताईही तेच म्हणाली होती. पण मग तो पोरखेळ तिच्या कामात पहिल्या नंबरावर कसा काय आला?

…माफ करा सर. उलट बोलायचं नव्हतं. … नाही, शब्द मागे नाही घेत. आवाज कमी करते.

काय? … बाकीची पण चोरीची? नाही सर. तसं नका म्हणू. … नाही, ऐका ना सर, तसं नाही. ते फुलांच्या दुकानाचं कार्ड आहे ना, बाळापूरचं? ते तिचंच आहे. तिनं आमच्या घरी बसून केलं, उन्हाळ्यात, मी बाजूला बसून होते. गजऱ्याचा दोरा एका कोपऱ्यातून निघतो आणि दुकानाच्या नावाची अक्षरं ओवत ओवत दुसऱ्या टोकाला जातो. ते मला नसतं जमलं. 'ळ' तिनं कसा ओवला ते मला अजून कळलं नाही. तेच पहिलं लावायला पाहिजे होतं तिनं.

…तिला कामावर ठेवायचं का नाही ते मी कसं सांगू? हापीस तुमचं आहे. मी फक्त म्हणते, चोरलं तर चोरलं. तिला येत नाही असं नाही म्हणत मी.

हो सर. … हो. … दहावी झाल्यावर पाहू. … द्या तिला फोन.

…

स्पीकर बंद केला का?

हं. दे आता शिव्या. … दे ना, मी ऐकून राहिली. … भिकारडी. बरं. … अजून? … घरभेदी? घर कोनाचं व, खोका तं आमच्या घरचा होता.

त्या कार्डाचं बोलली ते तुह्यावर उपकार नाई केले. खरं होतं म्हनून बोलली.

सर काय म्हने? … 'तिचं नाव टाक, अन् मंग आत ये.' आत्ताच? … मंग टाक ना. तुह्या हातातच हाये फोन… कट नको करू, बोलता बोलता टाकता येते. मी आईच्या फोनवर बोलून राहिली, बाबांच्या फोनवर पाह्यते. थांब… हं, दिसून राहिलं.

'सहकार्य, प्रतीक्षा.'

नाई चालत. सहकार्य कसलं? मी तुह्यं काम केलं का? … खोड ते.

'संकल्पना दामिनी, रेखाटन प्रतीक्षा.' … ताई, संकल्पना म्हंजे आंबिया. अन् आंबिया म्हंजे काय ते तुले मघाशी मी सांगितलं. खोड.

मले काय पायजे? सोपं हाये. 'खोका, प्रतीक्षा.' अन् त्याच्याखाली तुले तुह्यं नाव लिहाचंच असन तं लिही, 'कैरी, दामिनी.'

…चिडू नको. हक्कच हाये तुह्या त्या कैरीवर. कोनी घेनार नाई तुह्याकडून.

…

ताई? … काय करून राहिली? …

थांब, इथं दिसत नाई. … खोकाच नाई दिसून राहिला. … काढून टाकला? … अख्खा?

म्हंजे माह्यं नाव लिहिण्यापेक्षा…

…

खाली लोकांनं लिहिलं होतं, अक्षर सुंदर हाये म्हनून. अमरावतीच्या एका मॅडमनं लिहिलं होतं. तेही गेलं त्याच्यासंगं. मी रोज वाचत होती ते. तुह्या नावाखाली होतं, तरी वाचत होती.

नाई, रडून नाई राहिली. … नाक वाहून राहिलं.

सर काय म्हने? … दारातूनच इचारलं त्याइले? … काढलं तरी चालते म्हने? … हं. त्याइले चालत असन.

…नाई, मी नाई काही म्हनून राहिली. जा तू आतमधी. कार्ड दाखव. 'ळ' दाखवजो नीट, घाई नको करू…

मी? मी आता टाकून राहिली. माह्या नावानं. … आत्ता. आईचा फोन मोकळा झाला की. … पयल्यासारखाच खोका, संत्र्याच्या टिंबाचा. अन् डाव्या हाताच्या पाकळ्या बी तशाच.

लाइक नको करू. … नाई, खरंच नको. … कमेंट बी नको. 'माझी गुणी बहीण' असं तं बिलकूल नको लिहू, मी खोडून टाकीन.

…अजून काय राहिलं? … ते आईसोबत बोल, मामीचं अन् तिचं जे काय होईन ते होईन. मले बाबा आवाज देऊन राहिले, खोके भराचे हायेत, गाडी आली.

ठेव. … ठेव ना ताई. … तुह्याच्यानं ठेवल्या जात नाई का? बरं.

मीच ठेवते.