चौकटीत सही

नाही हो ताई, रक्ताबिक्ताला हात लावायचा प्रश्नच नाही — तेच तर सांगतेय मघापासून. दवाखान्याच्या नोंदणी टेबलावर बसायचं शिक्षण, सहा आठवडे, आणि रक्ताचा थेंब दृष्टीस पडत नाही. डॉक्टरांचं काम दाराच्या आत, आपलं दाराच्या बाहेर. पहिला आठवडा हसणं — हसताय काय, खरंच शिकवतात! तीन प्रकार आहेत. नव्या पेशंटला एक, जुन्याला एक, आणि 'माझा नंबर कधी' म्हणत चौथ्यांदा येतो त्याला तिसरं — ते अवघड, त्यात दात दिसता कामा नयेत. मग फोन, मग फायली, मग डॉक्टरांचं अक्षर वाचणं. आमच्या वेळी सरांनी — संस्था त्यांचीच — चुकून बायकोची सामानाची यादी दिली वाचायला — आणि वाचली की सगळ्यांनी! कुणी म्हणे हे रक्तदाबाचं, कुणी म्हणे जुलाबाचं. एकीनं भांड्यांचा साबण सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर असा लिहून दिला. तिला दहापैकी सात मिळाले. का? तर वेळा नीट लिहिल्या होत्या म्हणून.

वय? वयाचं काय घेऊन बसलात! मी आले तेव्हा शेहेचाळीस पूर्ण होती. त्याआधी एकोणीस वर्षं चपलांच्या दुकानात, लोकांच्या पायाशी. दुकान बंद पडलं तर नणंद म्हणाली, वहिनी, आता जरा मान वर करून बघा — तिचं तसंच, चांगलं बोलली तरी टोचतं. पण आले. आणि पहिली आले. परीक्षेत पहिली हो, शंभरपैकी शंभर — ते बघा, तुमच्या मागं भिंतीवर, काच लावलेला कागद. नमुना फॉर्म म्हणून टांगलाय सरांनी. एकही रकाना रिकामा नाही.

तोंडी नाही, प्रात्यक्षिक. पेशंट येतो, आपण त्याची नोंद करायची. आता खरे पेशंट इथं आणायचे कुठून? म्हणून मामा. सरांचे सख्खे मामा — पोस्टातून निवृत्त झाले, घरात करमेना, मग दर बॅचला आजारी पडायला लागले. आणि काय पडायचे! कावीळ म्हटलं की दोन दिवस आधीपासून हळूहळू चालायचे. अपेंडिक्स तर दोनदा काढून घेतलंय. एका बॅचला बाळंतपणाची नोंद शिकवायची होती तर पोटाला उशी बांधून आले, सातवा महिना — आणि खुर्चीवरून उठताना असा कमरेला हात लावला ना, की दोघी-तिघी धावल्या धरायला. सगळं एकाच फाईलमध्ये. सराव म्हणून. जाडजूड फाईल, मामांचा जीव तिच्यात.

तर परीक्षेच्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. बाहेरून परीक्षक आलेले, हातात घड्याळ. मी पहिलं हसू हसले. नाव विचारलं. आता मामा दर वेळी नवं नाव सांगायचे, त्यांना त्याची हौसच — त्या दिवशी स्वतःचं खरं नाव सांगितलं. मला वाटलं, विसरले असतील. जन्मतारीख विचारली, तीही खरी. मग म्हणाले, "पोरी, हात जड झालाय गं." मी लिहिलं — तक्रार, हात जड. जीभ अडखळत होती, तेही लिहिलं. मागच्या बाकावरच्या बायका कुजबुजल्या, आज मामांनी कमाल केली. एकीनं टाळी वाजवली.

आम्हाला नऊ नियम होते. नववा — सहीशिवाय पेशंट पुढं नाही. मी पेन दिलं. ते पडलं. मी उचलून पुन्हा बोटांत दिलं, तेही पडलं, मी पुन्हा दिलं. पहिली दोन अक्षरं छान आली हो, पोस्टातलं अक्षर, मोत्यासारखं. तिसरं खाली घसरायला लागलं. आणि मी — आता हे मी कुणाला — असो, निघालंच आहे तोंडातून — मी म्हणाले, "मामा, चौकटीत करा सही." दोनदा म्हणाले. त्यांनी केली की! डाव्या हातानं उजवा मनगटापाशी धरला आणि ओढत आणली चौकटीत. मग मी वर बघितलं. तोंडाची उजवी बाजू उतरलेली. तोपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं, ताई. हसले होते, पण बघितलं नव्हतं.

मग काय, धावाधाव. दवाखान्यात नेलं तर टेबलावर कोण? आमचीच, आधीच्या बॅचची पहिली. गोड हसली. म्हणाली, आधीच्या नोंदी? मी घाबरून काखेतली मामांची तीच जाडजूड फाईल दिली पुढं. तिनं शांतपणे उलटली, वाचली, आणि मामांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. प्रसूती विभागात! अगं म्हटलं, हे पुरुष आहेत! तर म्हणते, "काकू, सातवा महिना लिहिलाय, खाली आपल्या संस्थेचा शिक्का आहे." तिचं तरी काय चुकलं? तिला जे शिकवलं ते तिनं केलं. वरच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा फाईलकडे, आणि फाईल भिरकावून दिली. स्वतः स्ट्रेचर ढकलत खाली घेऊन गेल्या. फाईल मी गोळा करत बसले — कागद क्रमानं लावत होते हो! माझे मलाच हात दिसत होते, आणि थांबवता येत नव्हते.

वाचले. वाचले की, येतात ना अजून. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आणलं असतं तर — आणि थांबल्या. थोडं म्हणजे किती, मी विचारलं नाही. मला माहीत होतं. परीक्षकांनी वेळ मांडली होती ना कागदावर. पेन दिल्यापासून सही होईपर्यंत चार मिनिटं. आणि सही पूर्ण म्हणून शंभर मार्क, आणि शंभर मार्क म्हणून ही नोकरी. सर म्हणाले, अशा प्रसंगातसुद्धा रकाना सोडला नाही, अशीच बाई शिकवायला हवी.

मामांना घरी बसवत होते, तर पाय आपटून आपटून आले परत. आता खरीच जीभ अडखळते, तर नव्या मुली म्हणतात काय अभिनय! मामा खूश होतात. मान लववतात. त्यांना तो दिवस आठवतो का, कोण जाणे. कधी कधी माझ्याकडे बघत राहतात नुसते. विचारेन म्हणते. पण उत्तर देणार कसं बिचारे, आणि दिलंच तर मी ऐकणार कशी?

नववा नियम मी शिकवत नाही. सरांना ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका. मी आठवरच थांबते, आणि सांगते, बायांनो, आधी तोंडाकडे बघा, कागद कुठं पळून जात नाही. कुणी कुणी तेही लिहून घेतात. 'तोंडाकडे बघणे' — खाली रेघ मारून.

अहो, तुम्ही का डोळे पुसताय? मी आपली माहिती सांगत होते. प्रवेश घ्यायचा तर — थांबा, जिन्यात काठी वाजली. मामाच. एकच्या वर्गाला आज कावीळ आहे. मला जायला हवं, त्यांना डाव्या बाजूनं धरावं लागतं. उजवीकडून धरलं तर त्यांना कळतच नाही कुणी धरलंय ते. तुम्ही या आता. या म्हटलं ना!