मोजमापातली मुभा

नाही सर, ‘चूक’ हा शब्द मी वापरलेला नाही — ‘निरीक्षणांशी विसंगत’ असं म्हटलं आहे, आणि तेही विशिष्ट मर्यादेत. पाणी नको, काकूंनी आत्ताच चहा दिला. फाटकातच मला म्हणाल्या, ‘सर रोज वाट बघत्यात गं तुजी, नीट सांग त्यास्नी’ — म्हणून नीटच सांगते आहे, घाई करत नाही. अकरावीला मी लासुर्ण्याहून बारामतीला यायचे, गुरुत्वाकर्षण तुम्हीच शिकवलंत, आणि तेव्हाही म्हणायचात की आइन्स्टाइनसुद्धा तपासून घेतला पाहिजे. मग निवृत्त होऊन इथे कऱ्हाटीला आलात आणि अंगणात टोमॅटोचे क्रेट भरले जात असताना ओट्यावर बसून स्वतःचा सिद्धांत मांडलात. तो कृष्णविवराच्या छायाचित्रावर तपासून देईन असा शब्द मी दिला होता. तपासला. — हो, सावलीच. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी जे कृष्णविवर आहे, त्याच्या प्रकाशकड्याच्या आतला काळा भाग. तुमच्या सूत्रांप्रमाणे ती सावली आइन्स्टाइनच्या हिशेबापेक्षा थोडी मोठी यायला हवी. तेवढी मोठी ती दिसत नाही. एवढंच.

गणित? गणितात कुठेही खोट नाही, सर. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. — निरीक्षणांच्या मर्यादेच्या किती बाहेर? थोडा. अगदी थोडा, पण बाहेर. म्हणजे असं, की सावली किती मोठी हवी हे कृष्णविवराचं वस्तुमान आणि अंतर यांवर ठरतं, आणि ती दोन्ही भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून काढतात. ते काम दोन गटांनी केलं आहे, आणि त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. तुमच्यासाठी मी एकाच गटाचे घेतले. — कारण ते अधिक काटेकोर आहेत असं मानायला जागा आहे. दोन्ही घेतले की मोजमापातली मुभा वाढते, काठावरचंही आत बसतं, आमच्या मार्गदर्शकांच्या सिद्धांताचं जसं —

म्हणजे, त्यांचाही एक पर्यायी सिद्धांत आहे. ज्या शोधनिबंधात तुमचा तपासला, त्याच शोधनिबंधात. तो टिकला. — हो, सर. त्यांच्यासाठी दोन्ही गटांचे घेतले. — नाही. एकाच गटाचे घेतले असते तर तोही बाहेर गेला असता. ते मी करून पाहिलं होतं.

थांबा, मला नीट मांडू द्या. आधी मी दोघांना सारखीच मुभा दिली होती, दोन्ही टिकत होते, आणि तसंच मार्गदर्शकांपुढे ठेवलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आवाजही चढवला नाही — ‘कऱ्हाटीच्या ओट्यावर लिहिलेलं आपल्या शेजारी टिकत असेल, तर आपल्या टिकण्याला काय अर्थ?’ बाकी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे. शोधनिबंध छापायला गेला, सर. त्यात तुमचं नाव आहे, पूर्ण — ‘मानसिंगराव जगताप, कऱ्हाटी’ — आणि पुढे ‘निरीक्षणांनी वगळलेला’. निदान नाव छापून येईल, तेवढं तुम्हाला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं.

परत घेता येईल का? येईल. तत्त्वतः येईल. तसं पत्र मला एकटीला लिहावं लागेल, आणि त्यानंतर मला कुठे — असं बघू नका ना. तुमचा सिद्धांत खरा आहे, असं मी अजूनही म्हणत नाही. सारख्या मापाने मोजला असता तर आज तो खोडला गेला नसता, एवढंच विधान मला करता येतं, आणि तेही इथे, तुमच्यापुढे. चार लोकांत विचारलंत तर मी ते करणार नाही.

काकू आल्या. तुम्ही सांगता त्यांना? — सर?

न्हाय जमलं, काकू. थोडक्यात राहिलं. — उठू नका, सर. माझी एसटी आहे.